सळईला रंग फासून स्लॅब वाचत नाही

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्राजवळच्या नव्या बिल्डिंगची जाहिरात हल्ली जरा नीट वाचा. क्लब हाऊस, ईव्ही चार्जिंग वगैरेच्या खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'अँटी करोजन ट्रीटेड स्टील', म्हणजे गंज लागू नये म्हणून कोटिंग केलेली सळई, असं लिहिलेलं सापडतं. लोकांना ते आवडतं आणि साहजिक आहे, कारण या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या घरात छताचे पोपडे पडून आतली लाल झालेली सळई पाहिलेली असते. त्यातूनच मग ती मागणी येते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, की किनाऱ्यालगत कोटिंग केलेली सळई कायद्यानेच सक्तीची करून टाका, विषय संपला. मला वाटतं विषय संपणार नाही, उलट जे खरं करायला पाहिजे त्यावरून सगळ्यांचं लक्ष उडेल. कोटिंग ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाहीये, योग्य जागी ते लागतंच. पण आपल्याकडे ते ज्या पद्धतीने लावलं जातं आणि ज्याच्या बदल्यात विकलं जातं, ते बघितलं की वैताग येतो.

आधी सळई गंजते कशी ते बघू, अर्धा घोळ तिथेच आहे. उघड्यावर टाकलेली सळई पावसात दोन दिवसांत लालसर होते, तीच सळई चांगल्या काँक्रीटमध्ये पन्नास वर्षं जशीच्या तशी राहते. का? काँक्रीट तिला झाकून ठेवतं म्हणून, असं बहुतेकांना वाटतं, पण तेवढंच नाही. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना तयार होतो, काँक्रीटच्या बारीक छिद्रांमधलं पाणी इतकं अल्कलाइन होतं की त्याचा पीएच साडेबारा-तेरापर्यंत जातो, आणि अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, डोळ्याला न दिसणारा थर बसतो जो पुढचा गंज रोखून धरतो. म्हणजे कोटिंग काँक्रीट स्वतःच देतंय, फुकटात, आणि कुठे खरचटलं तर परत आपोआप भरून येणारं. कुठल्याही कंपनीच्या डब्यात एवढं चांगलं कोटिंग मिळत नाही. आपलं काम फक्त ते टिकवायचं.

तो थर मोडतो दोन गोष्टींनी. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, चुन्याशी रिॲक्शन होते आणि पीएच नऊच्याही खाली येतो, तिथपर्यंत सळई सापडली की तिचं कवच गेलं. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरं म्हणजे मीठ, क्लोराइड. हे जास्त डांबरट, कारण पीएच चांगला असला तरी क्लोराइड त्या थराला एखाद्या ठिपक्यावर भोक पाडतं आणि तिथेच खोल खड्डा करत जातं, बाहेरून फारसं काही दिसत नाही आणि आत सळई निम्मी झालेली असते. आणि मीठ आपल्याकडे सगळीकडून येतं, खाऱ्या वाऱ्यातून, खाडीच्या न धुतलेल्या रेतीतून, मचूळ बोअरच्या पाण्यातून. वर चार महिने भिजायचं आणि आठ महिने सुकायचं हे चक्र, गंजाला याहून सोयीचं हवामान शोधून सापडणार नाही. गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो, सळई आतून काँक्रीटला ढकलते, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी, आणखी गंज, आणि एक दिवस बेडरूमच्या गादीवर प्लास्टरचा ढपला.

आता कोटिंगवर येऊ. सळईवर इपॉक्सीचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या रसायनाचा, थर चढवायची कल्पना अमेरिकेतली. तिथे थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते मीठ पुलाच्या डेकमध्ये, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात त्या स्लॅबमध्ये, मुरून दहा-पंधरा वर्षांत डेकची वाट लागायला लागली, तेव्हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने बरीच कोटिंगं तपासून बघितली आणि इपॉक्सीची पावडर गरम सळईवर मारून वितळवून बसवायची पद्धत पुढे आली. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पुलावर ती पहिल्यांदा वापरली. थंड हवा, वरून कधीमधी पडणारं मीठ, बाकी वेळ डेक बऱ्यापैकी कोरडा, अशा जागी हे कोटिंग अनेक ठिकाणी चांगलं चाललं, ते नाकारायचं कारण नाही.

मग तेच कोटिंग फ्लोरिडाला गेलं. फ्लोरिडा कीज म्हणजे समुद्रात बेटांची माळ, त्यांना जोडणारे सेव्हन माइल ब्रिज, लाँग की ब्रिज वगैरे पूल १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या सुरुवातीला बांधले, खांबांमध्ये इपॉक्सी कोटेड सळई घातली, सगळे निश्चिंत. दशकही उलटलं नव्हतं आणि १९८६ च्या सुमारास लाँग कीच्या खांबांवर भेगा आणि गंजाचे डाग दिसले. फोडून बघितलं तर कोटिंग सळईपासून सुटलेलं, नखाने सोलता येईल असं, आणि खाली गंज. कारणं काय निघाली तर कोटिंगला हाताळताना पडलेले ओरखडे, सळई वाकवताना ताणला गेलेला थर, आणि मुख्य म्हणजे उबदार खारं पाणी जिथे दिवसरात्र उडतंय अशा पट्ट्यात इपॉक्सीची लोखंडावरची पकडच सैल होते. फ्लोरिडाने त्यानंतर समुद्रातल्या खांबांसाठी या कोटिंगवर भिस्त ठेवणं सोडलं आणि फ्लाय ॲश, सिलिका फ्यूम अशा बारीक पुडी घातलेलं घट्ट काँक्रीट आणि जाड कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटची जास्त जाडी, या रस्त्याने गेले.

मला हा किस्सा आपल्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. आपला कोकण पेनसिल्व्हेनियासारखा आहे की फ्लोरिडासारखा? उबदार, दमट, खारट. ज्या हवेत ते कोटिंग तिथे कमी पडलं तीच हवा आपल्या रोजच्या घराची आहे. अर्थात तुमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट काही समुद्रात उभा नाही, त्यामुळे लाटा उडणाऱ्या खांबाइतकी वाईट अवस्था होणार नाही हेही खरं, पण मग इतकी वाईट अवस्था नसेल तर साधं चांगलं काँक्रीटही पुरतंच की.

अमेरिकेतल्या साइटवर कोटेड सळई कशी हाताळतात ते वाचलं की हसू येतं, म्हणजे आपल्या साइट आठवून. नायलॉनच्या पट्ट्याने उचलायची, लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवायची, उन्हात फार दिवस पडून राहिली तर झाकायची, वाकवायच्या मशीनच्या रोलरला नायलॉनचं आवरण, बांधायची तारही प्लास्टिक कोटेड, कापलेल्या टोकांना आणि प्रत्येक ओरखड्याला तेच इपॉक्सी लावायचं, व्हायब्रेटरच्या तोंडाला रबर. आपल्याकडे ट्रकमधून बंडल धाडकन खाली येतं, सळई रस्त्यावरून फरफटत जाते, फिटर लोखंडी चावीने वाकवतो, वर बिगारी घमेली घेऊन चालतात. आयएस (इंडियन स्टँडर्ड) १३६२० हे इपॉक्सी कोटेड सळईचं आपलं स्टँडर्ड १९९३ पासून आहे, त्यात सगळं नीट लिहिलंय, पण ते वाचलेला फिटर मला अजून भेटायचाय. आणि भोक पडलेलं कोटिंग हे नुसतं निरुपयोगी नसतं, काही वेळा ते जास्त वाईट, कारण सळईचा उरलेला भाग झाकलेला असल्यामुळे गंज त्या एका ठिपक्यावर एकवटू शकतो. शिवाय इपॉक्सी गुळगुळीत, काँक्रीटची पकड कमी होते, म्हणून अमेरिकन कोडमध्ये अशा सळईची डेव्हलपमेंट लेंग्थ, म्हणजे पकड मिळायला काँक्रीटमध्ये लागणारी लांबी, काही परिस्थितीत दीडपटीपर्यंत वाढवायला सांगितली आहे. आपल्याकडे बिल्डर ऐनवेळी कोटेड माल आणतो तेव्हा ड्रॉइंगमधला लॅप, म्हणजे दोन सळया जोडताना एकमेकींवर ठेवायची लांबी, कोण बदलतं? बहुतेक वेळा कुणीच नाही.

पण हे झालं फॅक्टरीत केलेल्या कोटिंगचं. बऱ्याच छोट्या साइटवर जे चालतं ते याहून गमतीचं. बरणीतलं किंवा डब्यातलं काहीतरी राखाडी-हिरवं द्रव्य, एक ब्रश, एक पोरगा, आणि उभ्या केलेल्या सळयांच्या पिंजऱ्यावर वरवर फासकाम. रिंगांच्या मागे, सळयांच्या सांध्यात, खालच्या बाजूला काहीही पोचत नाही, सळईवर आधीच धूळ-तेल असतंच, त्याच्यावर रंग. आता गंमत बघा, आयएस ४५६:२००० हा आपल्या आरसीसीचा मूळ कोड, त्यात सळईबद्दल स्पष्ट लिहिलंय की ती सुटी पडणारी मिल स्केल (कारखान्यात सळईवर येणारी काळी खपली), सुटा गंज, रंगाचे थर, तेल, चिखल अशा पकड बिघडवणाऱ्या गोष्टींपासून मोकळी असावी. रंगाचे थर! आणि त्याच्या लगेच पुढे असं की काही अपवादात्मक बांधकामांत आणि जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीत सळईला कोटिंगसारखी खास काळजी लागू शकते. अपवादात्मक. म्हणजे कोड ज्याला अपवाद म्हणतो त्याला आपण ब्रोशरचा नियम करून टाकला आणि ज्याला मनाई करतो ते ब्रश घेऊन रोज करतो.

याची दुसरी बाजूही मी पाहतो. साइटवर आलेल्या सळईवर हलका लालसर गंज दिसला की फ्लॅटवाले काका कटकट करतात, माल परत पाठवा म्हणतात. अहो तो हलका, घट्ट चिकटलेला गंज काही करत नाही, पापुद्रे सुटत असतील, सळई बारीक झाली असेल तर गोष्ट वेगळी, ते घासून काढायचं किंवा माल नाकारायचा. पण लोक निरुपद्रवी गंजाला घाबरतात आणि त्यावर फासलेल्या रंगाला भुलतात, आणि बिल्डरला हे पक्कं माहीत असतं.

कोटिंगचे बाकीचे प्रकारही आहेत. तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या सेक्री या सरकारी संशोधन संस्थेने आपल्याच देशात तयार केलेली सिमेंटच्या लेपाची पद्धत आहे, त्यात सळईचा गंज ॲसिडने काढून, फॉस्फेटचा थर देऊन, गंजरोधक घातलेला सिमेंटचा लेप देतात. कल्पना चांगली, सिमेंटचाच लेप असल्यामुळे काँक्रीटशी वैर नाही. पण एकामागून एक टप्पे, प्रत्येक टप्प्याला वाळवणं, धुणं, आणि ॲसिड नीट धुतलं गेलं नाही तर आपणच सळईवर क्लोराइड ठेवून दिलं असं व्हायचं. कंत्राटदाराने घाईत केलेलं हे काम कसं असतं त्याचं वर्णन करत बसत नाही. मग गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली सळई, आयएस १२५९४ मध्ये तिचं स्टँडर्ड आहे. मला विचाराल तर कोटिंगांमध्ये हीच त्यातल्या त्यात आपल्या साइटला झेपणारी, कारण ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, आणि कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटमध्येही ती टिकाव धरते. दिल्लीच्या लोटस टेंपलच्या पांढऱ्या पाकळ्यांमध्ये गॅल्व्हनाइज्ड सळई घातली होती, पांढऱ्यावर गंजाचे डाग उमटू नयेत म्हणून. कमी कव्हर, पातळ पांढरा भाग, तिथे ती वापरायला कारण होतं. अशी कारणं देऊन कोटिंग निवडलं तर माझी काहीच तक्रार नाही.

आता ज्याच्याबद्दल कुणी ब्रोशर छापत नाही ते. कव्हर. सळईच्या बाहेरच्या बाजूला काँक्रीटची किती जाडी आहे ते. आयएस ४५६ मध्ये हवामानाप्रमाणे पाच वर्ग केलेत, सौम्य हवेत २० मिलिमीटर, मध्यमला ३०, तीव्रला ४५, अतितीव्रला ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. किनाऱ्याची हवा तीव्र वर्गात मोडते, म्हणजे कव्हर ४५, काँक्रीट किमान एम ३० ताकदीचं, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नाही. आणि कव्हरमध्ये सूट किती तर जास्त झालं तर १० मिलिमीटर चालेल, कमी झालेलं शून्य. कोडने एवढं कडक का लिहिलं? कारण कार्बोनेशन आत सरकतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. साध्या भाषेत, जे ४० मिलिमीटर पार करायला ६० वर्षं लागणार होती ते २० मिलिमीटर १५ वर्षांतच पार होतं. कव्हर निम्मं झालं तर आयुष्य निम्मं होत नाही, पाव होतं. मिठाचंही ढोबळमानाने असंच आहे. हे एक गणित जरी घर घेणाऱ्या प्रत्येकाला समजलं ना तर जाहिरातींची भाषा बदलेल.

आणि हे कव्हर जातं कुठे? पोपडे काढून बघतो तेव्हा कित्येक स्लॅबच्या खालच्या सळया शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, जवळजवळ टेकलेल्या दिसतात, पाच-सात मिलिमीटर काँक्रीट आणि त्यावर प्लास्टर. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक साइटवरच उरलेल्या मालातून ओतलेले, न भिजवलेले, हातात घेतले की चुरा होणारे, नाहीतर सरळ खडीचा तुकडा किंवा फुटक्या टाइलचा तुकडा सळईखाली सरकवलेला. वर माणसं चालली की तो सरकतो, सळई खाली बसते. बाल्कनीत उलटं. कँटिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, ती धरून ठेवायला चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे टेकू, लागतात, चेअर कमी टाकल्या आणि काँक्रीट ओतताना वरून पाच-सहा जण चालले की ती सळई खाली दबते, ताकदही गेली आणि खालचं कव्हरही. अशा बाल्कनीतल्या सळईला सोन्याचा मुलामा दिला तरी काय फरक पडणार? कॉलमला वेगळीच तऱ्हा, पिंजरा एका बाजूला झुकलेला, तीन बाजूंना ६० मिलिमीटर आणि चौथ्या बाजूला, जी नेमकी बाहेरची पावसाची बाजू असते, तिथे १५.

त्यानंतर पाणी. आरएमसीची, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणारी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून आली, माल घट्ट झाला, पंपवाला ओरडतो, कुणीतरी पाइप लावतं आणि ड्रममध्ये पाणी सोडतं. ओतायला सोपं होतं, मिस्त्री खूश, आणि ते जास्तीचं पाणी सुकलं की काँक्रीटमध्ये छिद्रांचं जाळं मागे राहतं, ज्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मीठ दोघंही आरामात आत येतात. मग क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) घातलेल्या सिमेंटला किमान १०, कोडचं म्हणणं शक्यतो १४. आजकाल जवळपास सगळीकडे पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲशवालं, नाहीतर स्लॅग सिमेंट असतं, आणि किनाऱ्यासाठी ते खरोखर चांगलंही आहे, मिठाला त्यातून आत शिरायला बरंच अवघड जातं, पण फक्त नीट भिजवलं तर. स्लॅबवर आळी करून पाणी भरतात ते ठीक, दिसतं तरी. कॉलमवर गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारा माणूस तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला गेलेला असतो. काँक्रीटची बाहेरची ४० मिलिमीटर, जी सळईचं कव्हर आहे, तीच सगळ्यात आधी सुकते आणि तिथेच क्युरिंग कमी पडतं. हे सगळं झाल्यावर सळई कोटेड आहे म्हणून निर्धास्त राहायचं, म्हणजे फाटका रेनकोट घालून भर पावसात छत्री घरी ठेवण्यातला प्रकार.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते फालतू नाही. लोक म्हणतात, साहेब, आपल्याकडचं कामच असं आहे, मिस्त्री बदलणार नाही, सुपरव्हायझर बदलणार नाही, मग निदान सळई तरी चांगली असू द्या, तेवढाच विमा. ऐकायला पटतं. पण कोटिंग ही साइटवरच्या शिस्तीवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेली वस्तू आहे, कव्हर ब्लॉक नीट ठेवायला लागणाऱ्या शिस्तीपेक्षा कितीतरी जास्त. जो माणूस सळईखाली ठोकळा ठेवत नाही तो सळईवरचा ओरखडा शोधून त्याला इपॉक्सी लावणार आहे का? म्हणजे शिस्त नाही म्हणून आपण असं औषध निवडतोय जे शिस्तीशिवाय लागूच पडत नाही. विमाच हवा असेल तर कव्हर डिझाइनमध्येच दहा मिलिमीटर जास्त धरा, चांगले फॅक्टरीत ओतलेले कव्हर ब्लॉक विकत घ्या, स्लॅग सिमेंट घ्या. हे हलगर्जीपणाही थोडाफार पोटात घालतात.

कुठे पैसे टाकावेत याचं उदाहरण मेक्सिकोत आहे. युकातानच्या प्रोग्रेसो गावात समुद्रात लांबच लांब धक्का आहे, १९४० च्या आसपास बांधलेला, त्यात स्टेनलेस स्टीलची सळई घातली होती. तो अजून उभा आहे, सळई ठणठणीत. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळईचा दुसरा धक्का बांधला, तो गंजून मोडीत निघाला. म्हणून भरतीच्या पट्ट्यातले खांब, जेट्टी, खाडीवरच्या पुलांचे पाय इथे स्टेनलेस घाला असं मी ठामपणे म्हणेन, आयएस १६६५१ मध्ये तिचं स्टँडर्डही आपल्याकडे आलंय. महाग पडते, पण सगळ्या पुलाला नको, लाटा लागणाऱ्या काही मीटरलाच. सरकारी टेंडरमध्ये मात्र सगळ्या सळईला सरसकट स्वस्त कोटिंग असा आयटम टाकायची जी सवय दिसते ती मला पटत नाही. त्यात जिथे गरज आहे तिथे कमी पडतं आणि जिथे नाही तिथे वाया जातं.

पुलांचा विषय निघाला की गोव्याची आठवण होतेच. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल पडला, बांधून सोळा-सतरा वर्षंही झाली नव्हती, ठपका आला प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीट आवळून धरायला ताणलेल्या, गंजलेल्या केबल्सवर. आपल्या वाशीच्या खाडीपुलाची तीच दुखणी, १९७३ ला सुरू झाला आणि केबल्सच्या गंजापायी १९९७ ला शेजारी दुसरा पूल आला. असल्या पुलांत केबल डक्टमधून, म्हणजे काँक्रीटमधल्या नळीतून, जातात आणि त्या डक्टमध्ये ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, पूर्ण भरलं का, पोकळी राहिली का, पाणी शिरलं का यावर सगळं अवलंबून असतं. तिथेही लागतं ते हेच, भरलेलं तपासणारा माणूस.

जुन्या बिल्डिंगच्या रिपेअरिंगमध्ये कोटिंगची जागा आहे हे मान्य करतो. काँक्रीट फोडून सळई स्वच्छ केली, मागून हात जाईल इतकी मोकळी केली, मग झिंकवालं प्रायमर लावून पॉलिमर मॉर्टर भरलं तर काम टिकतं. पण बहुतेक सोसायट्यांमध्ये सळईची समोरची बाजू तारेच्या ब्रशने घासतात, मागचा गंज तसाच, वरून लाल किंवा राखाडी रंग, प्लास्टर, पेंट. दोन-तीन पावसाळ्यांनी बरोबर त्या ठिगळाच्या कडेला नवी भेग येते, लोकांना वाटतं कंत्राटदाराने फसवलं. फसवलं असेलही, पण त्याच्याशिवायही असं होतं, कारण ठिगळातली सळई सुरक्षित झाली की गंजाचं केंद्र शेजारच्या जुन्या, मिठाने भरलेल्या काँक्रीटमध्ये सरकतं. म्हणून ठिगळ कुठपर्यंत न्यायचं हे डोळ्याने नाही, हाफ सेल टेस्ट (सळई कुठे गंजतेय ते विजेच्या दाबावरून सांगणारी) आणि क्लोराइड टेस्टने ठरवायला लागतं.

आता कायद्याकडे बघू. रेरामध्ये, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात, कलम १४ खाली बांधकामातल्या दोषांची बिल्डरची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षांची. गंज दिसायला साधारण किती वर्षं लागतात? कव्हर फारच कमी असेल तरी बऱ्याचदा आठ-दहा, नाहीतर पंधरा. म्हणजे कमी कव्हरचा दोष कायद्याच्या मुदतीत दिसतच नाही, दिसतो तेव्हा बिल्डर तिसऱ्या प्रोजेक्टवर असतो आणि खर्च सोसायटीच्या गळ्यात. दुसऱ्या टोकाला, सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधी ७७ प्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, मुंबईत ३० वर्षांनंतर महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब ची नोटीस, मग बिल्डिंग किती धोकादायक ते सांगणारे सी-१, सी-२ चे शिक्के, रिकामी करा, ट्रान्झिट, कोर्ट. म्हणजे म्हातारपणी तपासण्याच तपासण्या आणि जन्माच्या वेळी एकही नाही. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, टेस्ट होतात, हो, पण क्यूब वेगळ्या साच्यात ओततात, वेगळ्या टाकीत भिजवतात, ते फक्त मालाची ताकद सांगतात, तुमच्या कॉलममध्ये सळई कुठे बसली ते सांगत नाहीत.

म्हणून माझी मागणी कोटिंग सक्तीची करा अशी नाही. ऑक्युपेशन सर्टिफिकेट देण्याआधी कव्हर मीटरने प्रत्येक मजल्याचे ठरावीक कॉलम, बीम, स्लॅब, आणि सगळ्या बाल्कन्या मोजा, आकडे जागेसकट लिहा, स्ट्रक्चरल इंजिनियरची सही घ्या आणि तो कागद रेराच्या साइटवर टाका आणि सोसायटीच्या हातात द्या. कव्हर मीटर हे काही रॉकेट नाही, न फोडता भिंतीवरून फिरवायचं छोटं मशीन, भाड्यानेही मिळतं. कमी भरलं तिथे बिल्डरने तेव्हाच काय ते करावं, काँक्रीटवर बाहेरून जाड कोटिंग करा, काँक्रीटचं जॅकेट करा, त्याचा प्रश्न. आणि कव्हर कोडपेक्षा कमी सापडलं तर त्यापुरती ५ वर्षांची मुदत पुढे न्या, कारण हा दोष काळाने झालेला नाही, ओतायच्या दिवशीच झालेला आहे.

बिल्डर म्हणतील आणखी एक एनओसी, आणखी एक टेबल, आणखी एक पाकीट. ही भीती खोटी नाही आणि खोटे आकडे लिहून सही करणारे इंजिनियरही मिळतील. पण या मोजमापाची एक गोष्ट कुठल्याही कोटिंगच्या सर्टिफिकेटला नाही. कोटिंग एकदा काँक्रीटमध्ये गेलं की ते कसं होतं, होतं तरी का, हे फोडल्याशिवाय कुणाला कळत नाही. कव्हर मात्र दहा वर्षांनी सोसायटीचा कुणीही इंजिनियर तेच मशीन घेऊन, त्याच कॉलमवर, एका दुपारी परत मोजू शकतो, आणि कागदावर ४५ आणि भिंतीत १२ निघाले तर सही कुणाची आहे ते त्या कागदावरच लिहिलेलं असेल.